सासूबाईंनी चहा सोडला

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं अमरावतीहून माझ्या माहेरी, अकोल्याला गेलो. जावयाला अंगठी मिळाली, मला साडी मिळाली, आणि भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी आईला सोबत घेऊन दवाखान्यात गेले आणि मूल राहू नये म्हणून तांबी बसवून आले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, "पहिलंच नाही झालं अजून. नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. आई घरी येईपर्यंत ऑटोत रडत होती. लोकाच्या पोरी लेकरं व्हावी म्हणून दवाखान्यात जातात अन् माही पोट्टी पाहा, हे ती ऑटोवाल्यालाही ऐकवणार होती, पण मी तिचा हात दाबून धरला.

माझा स्वभाव तापट आहे हे इथंच सांगून टाकते. अमरावतीचे लोक म्हणतात, अकोल्याच्या उन्हानं माणसाचं डोकं जन्मभरासाठी तापून जातं. म्हणोत बापडे. अमरावतीकरांचं डोकं कधी तापतच नाही, कारण ते कोणत्याच गोष्टीला नाही म्हणत नाहीत. निदान माझ्या वाट्याला आलेला अमरावतीकर तरी तसाच आहे. आमच्या ह्यांना काहीही सांगा, ते "बरं" म्हणतात. बाजारातून वांगी आणा, बरं. घराला आग लागली आहे, बरं. पत्रिका पाहताना हे कुणी बघितलं नाही.

नणंदेच्या लग्नातही हे असंच झालं. आमचं लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात तिचं ठरलं, चांदूर रेल्वेला. मुलाकडच्यांनी मोटरसायकल मागितली, हे बरं म्हणाले. लग्न हॉलमध्येच पाहिजे म्हणाले, तरी बरं. पंगतीत दोन गोड पदार्थ पाहिजेत म्हणाले, तेव्हा मी मागून ह्यांचा शर्ट ओढला, पण तोवर बरं म्हणून झालं होतं. पैसे आले तीन ठिकाणांहून. पतपेढीचं कर्ज काढलं, दुकानाच्या शेठकडून उचल घेतली, आणि माझ्या पाटल्या सोनाराकडे गहाण ठेवल्या. माझ्या हातावर त्यांचा वळही नीट उमटला नव्हता.

यातलं काहीही सासूबाईंना माहीत नव्हतं. सासरे कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. ती जिनिंग बंद पडली, त्यांचा हिशेबाचा पैसा अडकून राहिला, आणि त्याची वाट पाहत ते गेले. तर लग्नाच्या आधी सासूबाईंनी विचारलं, "एवढा पैसा आला कुठून बाप्पा?" ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबाचे जिनिंगवाले पैसे भेटले." हे खोटं बोलताना नेहमी कॅलेंडरकडे पाहतात. मला ते पहिल्याच महिन्यात समजलं होतं, त्यांच्या आईला पंचवीस-तीस वर्षांत कसं समजलं नाही देव जाणे. सासूबाई हॉलच्या दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "त्याइनं मरून बी पोरीचं लग्न करून देल्लं." त्यांचा तो चेहरा पाहिल्यावर खरं सांगायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही. आणि माझी हिंमत सहसा कमी पडत नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. आम्ही दोघं गच्चीवर तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "कर्ज फिटल्याबिगर लेकरू नाही."

"बरं," हे म्हणाले.

"काहून ते तर विचारा."

"काहून?"

मग मी सांगितलं. मी झाले त्या वर्षी माझ्या बाबांवर कर्ज होतं. मी झाल्यामुळे झालं नव्हतं, काही महिने आधीचंच होतं, पण दोन्ही एकाच वर्षी घरात आलं. ते फिटलं मी दहावीत गेले तेव्हा. तोवर काही मागायला गेलं, दप्तर म्हणा, सँडल म्हणा, की बाबा म्हणायचे, "तू आली अन् घरावर देणं आलं." रागानं नाही म्हणायचे हो, चांगले हसत म्हणायचे. पाहुण्यांनाही सांगायचे, ही आमची कर्जवाली पोरगी. पाहुणे हसायचे. मी आत जाऊन भांडी आपटायचे. माझ्या लेकरानं जन्माला येताना कुणाचं काही देणं लागू नये, एवढीच माझी अट होती.

ह्यांनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "किती दिवस लागतीन?"

"ते तुमच्या शेठले विचारा," मी म्हटलं.

शेठचं कृषी केंद्र होतं. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. ती सालं कशी होती ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पेपर उघडला की पहिल्या पानावर काय असायचं ते सगळ्यांना पाठ आहे, मी इथं उगाळत नाही. दुकानापुरतं सांगायचं तर बियाणं उधारीवर जायचं आणि उधारी परत यायची नाही. उधारी आली नाही की शेठ पगार द्यायचे नाहीत. पगार झाला नाही की पतपेढीचा माणूस आमच्या दारात. त्याला मी "हे घरी नाहीत" म्हणून घालवायची, आणि सासूबाईंना सांगायची की गॅसवाला होता. आमच्याकडे इतका गॅसवाला यायचा की सासूबाई म्हणायच्या, या शहरात एवढी गॅसची सोय आहे तर सिलिंडर काहून वेळेवर येत नाही?

शेठनं ह्यांना वसुलीला गावोगावी पाठवायला सुरुवात केली. ज्या माणसाच्या तोंडातून नाही निघत नाही, त्याला वसुलीला. हे सकाळी मोटरसायकलवर निघायचे आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचे. कुणाच्या घरी चहा झाला, कुणी म्हातारीनं पिशवीत वांगी घातली, कुणी हरभऱ्याची भाजी दिली. पैसे कुणी दिले नाहीत, कारण ह्यांनी मागितलेच नाहीत.

"मांगायले काय होते तुमाले?" मी विचारायची.

"त्याइचा पोरगा दारातच अभ्यास करत बसला होता वं."

"मंग त्याचा अभ्यास होईपर्यंत थांबायचं ना!"

एकदा वरुडच्या एका गिऱ्हाइकानं उधारीपोटी संत्र्याची अख्खी गाडी शेठच्या दारात रिकामी केली. शेठनं त्यातले क्रेट उचलून नोकरांना पगारात दिले. आमचा पगार असा संत्र्यांमध्ये झाला. घरभर वास. सासूबाई खूश, त्यांना वाटलं दुकानानं भेट दिली. मी गल्लीत फिरून संत्री विकली, उरली ती आम्ही इतकी खाल्ली की माझ्या तोंडाला फोड आले. ह्यांच्यावर मी ओरडले, "आता हे पतपेढीत भरू? पासबुकावर सोलून ठेवू?" हे म्हणाले, "गोड हायेत पण." मला त्या क्षणी त्यांना संत्रं फेकून मारावंसं वाटलं. फेकलंही. त्यांनी झेललं आणि सोलून मला अर्धं दिलं.

खरं सांगायचं तर कर्ज फेडलं ते माझ्या पगारानं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, प्रसूतीच्या दवाखान्याला लागूनच. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त आणि दुसऱ्यांची लघवी. बायका बाटली घेऊन यायच्या, मी पट्टीवर थेंब टाकायची, रेघ उमटायची वाट पाहायची. अमरावतीतल्या कितीतरी घरांमधली गोड बातमी त्या घराच्या आधी मला समजलेली आहे. बाहेर बाकावर सासवा, नवरे, आया बसलेल्या असायच्या. मी रिपोर्ट हातात द्यायची आणि आत येऊन हात धुवायची. सुरुवातीला काही वाटायचं नाही. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मी हात जरा जास्तच वेळ धुते असं सोबतच्या बाईनं मला सांगितलं.

आणि घरी बायका मोजायला लागल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओटीत नारळ घालताना माझ्या पोटाकडे बघायच्या. "काही हाय का यंदा?" मी म्हणायची, यंदा तिळाचे लाडू आहेत, घ्या. सासूबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत, हे मला मान्य करावंच लागेल. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्या देवीकडे गेल्या.

मला सोबत नेलं होतं. मंगळवार होता, गर्दी होती. आमच्या सासूबाई देवीशीसुद्धा भाजीवाल्याशी बोलतात त्याच आवाजात बोलतात. नारळ पुढं केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माय, मले नातू दे. नातवाचं तोंड पाहीन तवाच चहा तोंडाले लावीन."

तुम्हाला सासूबाईंचा चहा माहीत नाही म्हणून सांगते. सकाळी उठल्यावर एक, आंघोळ झाल्यावर एक, कुणी आलं की एक, कुणी गेलं की एक. आलं ठेचून, साखर सढळ, बशीत ओतून, फुर्र असा आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी चहा घेतला होता आणि घेता घेता रडल्या होत्या. ही बाई चहा सोडणार, आणि माझ्या पोटात मी स्वतः पहारेकरी बसवून ठेवलेला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी त्या आमच्या दोघांचा चहा करायच्या, आलं घालून, पहिल्यासारखाच, आणि स्वतः कपात गरम पाणी घेऊन समोर बसायच्या. पाणी बशीत ओतून प्यायच्या. मला तो चहा गिळवत नव्हता. कुणाकडे गेलं की लोक चहा पुढं करायचे, मग सासूबाई नवसाची हकिकत सांगायच्या, अक्षरन् अक्षर तीच, नातवाचं तोंड पाहीन तवाच. महिन्याभरात अख्ख्या गल्लीला तो नवस पाठ झाला.

समोर बांगड्यांचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची. सासूबाईंची आणि त्यांची चहाचीच दोस्ती. खालानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "और पोट्टी हुई तो?"

"नातू म्हंजे नातू," सासूबाई म्हणाल्या. "म्या देवीले साफ सांगतलं."

"या अल्ला! देवीले बी ऑर्डर देऊन राहिली ही बाई," खाला म्हणाल्या आणि स्वतःचा कप पडद्याआड नेऊन प्यायल्या. तेव्हापासून सासूबाईंसमोर त्यांनी कधी चहा घेतला नाही.

त्या संध्याकाळी मी ह्यांना गच्चीवर नेलं आणि सांगितलं, बस झालं. आता तुमच्या आईला सांगा. कर्जाचं सांगा, तांबीचं सांगा, सगळं सांगा. मी वांझ म्हणून फिरायला तयार आहे, पण त्या गरम पाण्यासमोर बसून मी चहा पिणार नाही. हे म्हणाले, "बरं." आणि खरोखर खाली गेले. मी मागून जाऊन स्वयंपाकघरात उभी राहिले.

"आई," हे म्हणाले, "हिच्यात काही दोष नाही."

"मंग?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. माणूस कॅलेंडरकडे पाहत होता.

"माह्यातच हाय. डाक्टरनं सांगतलं. इलाज चालू हाय, टाइम लागन."

मी स्वयंपाकघरात खाली बसले. कर्जाचं नाव निघालं असतं तर जिनिंगचे पैसे निघाले असते, आणि हॉलच्या दाराशी उभी राहिलेली ती बाई पुन्हा विधवा झाली असती. म्हणून ह्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. वऱ्हाडातला कोणता पुरुष स्वतःच्या आईला हे सांगतो? खरं असलं तरी कुणी सांगत नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. लग्नाला इतके दिवस होऊन गेले होते, पण त्या माणसावर माझं प्रेम बसलं ते त्या दिवशी, पिठाच्या डब्याला टेकून.

प्रेम बसलं तरी परिणाम व्हायचे ते झालेच. सासूबाईंनी ह्यांना परतवाड्याला नेलं. तिथं कुणी वैद्य होता, जीपमधून उतरल्यावर कुणालाही विचारा, सांगतील असा. त्यानं नाडी पाहिली, हूं केलं आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून दिल्या. पहाटे कोमट दुधातून घ्यायच्या. पैसे इतके घेतले की त्या महिन्याला पतपेढीत फक्त व्याज भरलं गेलं. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत मूल नको म्हणून कर्ज फेडत होतो, आणि मूल नाही म्हणून औषधाला पैसे घालत होतो. मी ह्यांना म्हटलं, "तुमाले काय झालं हाय? फेका त्या पुड्या."

"पैसे देल्ले ना त्याचे," हे म्हणाले, आणि रोज पहाटे घेत राहिले. पोट बिघडलं, चेहरा उतरला, तरी घेत राहिले. उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंना खात्री पटली की रोग मोठाच होता.

आणि त्या माझ्याशी बदलल्या. माझ्या पोळीवर तूप जास्त पडू लागलं. एकदा केसांना तेल लावता लावता म्हणाल्या, "दुसरी असती तं माह्येरी निंघून गेली असती. तू राह्यली. तुह्ये उपकार हायेत वं माह्यावर." मी भिंतीकडे तोंड करून बसले होते ते बरं झालं. आयुष्यात मी कधी इतका वेळ तोंड बंद ठेवलेलं नाही.

मग बाकीची दोन वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. काटकसर सांगण्यासारखी नसतेच. कुठं गेलो नाही, काही घेतलं नाही, सणाला एकच भाजी. मी लॅबमध्ये रविवारचीही ड्यूटी घेतली. ह्यांनी शेठचं दुकान सोडलं नाही, पण रात्री एका मेडिकलवाल्याकडे हिशेब लिहायला जाऊ लागले. नांदगाव पेठेला एका लग्नाला जायचं होतं तर एस.टी.चं भाडं नको म्हणून मी ताप आल्याचं सांगितलं, आणि मग दोन दिवस खरोखर झोपून काढावे लागले. त्या काळात पेपरात कर्जमाफीची बातमी आली. ती शेतकऱ्यांची होती, आणि शेठ म्हणाले की त्यातलं आपल्या उधारीला काही लागू नाही. आमच्यासारख्यांना तर कुणी विचारलंच नाही. हे बातमी वाचून म्हणाले, "बरं."

शेठची उचल आधी फिटली. मग पतपेढीनं बेबाकीचा दाखला दिला. शेवटी पाटल्या सुटल्या. ह्यांनी त्या रुमालात बांधून आणल्या, माझ्या हातात घालायला गेले तर घट्ट झाल्या होत्या. सासूबाईंच्या तुपाचा प्रताप. साबण लावून चढवल्या. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "किती दिसानं घातल्या वं!" मी म्हटलं, लॅबमध्ये घालता येत नव्हत्या. माझी नजर कुठं होती ते मी सांगत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला गेले आणि तांबी काढून आले. यावेळी आई ऑटोत हसत होती. मला वाटलं, झालं आता, पुढच्या महिन्यात सासूबाईंना चहा.

पुढच्या महिन्यात काही झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लॅब बंद करायची वेळ झाली की मी स्वतःची पट्टी टाकायची, खुर्चीवर बसून पाहायची, आणि एकच रेघ. उन्हाळा गेला, पोळा गेला, एकच रेघ. मला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवायला लागले, पहिलंच नाही झालं अजून, नक्की ना? किती थाटात नक्की म्हटलं होतं मी. वाटायला लागलं की आम्ही पतपेढीला पैशाबरोबर लेकरूही भरून आलो. आता कुणाला सांगणार? साऱ्या जगाला आधीच माहीत होतं की आम्हाला मूल होत नाही. आमचं खोटं खरं झालं होतं आणि कुणाला काही फरकच दिसत नव्हता. एका रात्री मी ह्यांना म्हटलं, "माह्यानं चूक झाली." हे पहिल्यांदाच बरं म्हणाले नाहीत. म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी परतवाड्याची एक उरलेली पुडी शोधली आणि दुधातून घेतली. मी, पॅथॉलॉजी लॅबवाली. कुणाला सांगू नका. पोट बिघडलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दुसरी रेघ आली. इतकी फिकट की मी पट्टी दिव्याखाली धरली, खिडकीशी धरली, सोबतच्या बाईला दाखवली. तिनं म्हटलं, "दुसऱ्याची असती तं तू केव्हाच रिपोर्ट देल्ला असता." घरी आले, काही न बोलता चहा ठेवला आणि तीन कप मांडले. सासूबाईंनी कपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझी पापी घेतली, ह्यांची घेतली, आणि तिसरा कप माझ्याकडे सरकवला.

"तोंड पाह्यल्याबिगर नाही," म्हणाल्या. "नातवाचं."

आणि तिथंच मला धसका बसला. कारण मी गल्लीतल्या बायकांचं बोलणं ऐकत होते. नातू झाला की आजीचा चहा सुरू, असं त्या माझ्यासमोर हसत म्हणायच्या. आणि नात झाली तर? तर आजीचा चहा बंदच. पोरगी मोठी होईल, पाहुणे येतील, चहा येईल, आजी गरम पाणी घेईल, आणि कुणीतरी चांगलं हसत सांगेल, ही आली अन् आजीचा चहा गेला. एवढी वर्षं पोट मारून कर्ज फेडलं ते कशासाठी? माझी पोरगी जन्मतःच चहाची देणेकरी होणार होती. पतपेढीचं देणं पैसे भरून फिटतं. हे कशानं फिटणार होतं?

मी भांडायची पूर्ण तयारी केली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात अकोल्याला गेले तेव्हा माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. एकेक वाक्य घासून ठेवलं होतं. उन्हाळा, अकोल्याचा, कूलरमधून गरम वाफ यायची, आणि मी पलंगावर पडून मनातल्या मनात सासूबाईंशी भांडायची आणि दर वेळी जिंकायची.

मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं हे आणि सासूबाई अमरावतीहून आले. आई दारातच म्हणाली, "मुलगी झाली," आणि घाबरून की काय, सवयीनं बोलून गेली, "बसा, चहा ठेवते." मग जीभ चावली. नवस तिलाही पाठ होता. ह्यांनी टोपी काढून हातात धरली, जसं काही कुणी वारलं होतं.

सासूबाईंनी हातपाय धुतले. पदरानं नीट पुसले. माझ्या बाजूला येऊन बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं, तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि पाहत राहिल्या. पोरीनं जांभई दिली. मी पहिलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं.

सासूबाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर एका किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. त्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, "ठेवा ना चहा. आलं घाला. म्या देवीले लेकरूच मांगतलं होतं."

आईला राहवलं नाही. "पण तुमी तं नातू..."

"लेकरूच म्हणलं होतं म्या," सासूबाई कॅलेंडरला म्हणाल्या. "इचारा हिले. ही होती संगं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हा माणूस खोटं बोलायला कुठं शिकला ते मला त्या क्षणी समजलं. माझी सगळी वाक्यं गेली. मीही कॅलेंडरकडे पाहिलं. आषाढ होता, एकादशी लाल रंगात होती.

"हो," मी म्हटलं. "लेकरूच म्हणाल्या होत्या."

"बरं," हे म्हणाले, आणि टोपी परत डोक्यावर घातली.

मला रडू फुटलं. बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात, म्हणून आई रागावत चहा करायला गेली. चहा आला. सासूबाईंनी पोरीला माझ्याजवळ दिलं, चहा बशीत ओतला, थोडा साडीवर सांडला. मग फुर्र केलं. साडेतीन वर्षांनी. पोरगी दचकली आणि रडायला लागली.

"साखर कमी हाय वं," सासूबाई म्हणाल्या, आणि बशी परत पुढं केली.